बारा व्होल्टनं शॉक बसत नाही, मग गाडी जळते कशी?

गाडीच्या बॅटरीची दोन्ही टोकं कोरड्या हातांनी एकदम धरली तरी काही होत नाही, मुंग्यासुद्धा येत नाहीत. गॅरेजमधल्या पोरापासून गाडीच्या मालकापर्यंत सगळ्यांना हे माहीत असतं, आणि गफलत नेमकी तिथंच होते. ‘बाराच व्होल्ट आहेत, काय होतंय त्याला’ म्हणत माणूस बोटातली अंगठी न काढता पाना घेऊन बोनेटमध्ये वाकतो. उजेडासाठी घरातून ओढलेला २३० व्होल्टचा बल्ब मात्र, वायरला दोन जागी टेप गुंडाळलेला, मडगार्डवर खुशाल पडलेला असतो. ज्याला घाबरायचं त्याला घाबरत नाही, आणि ज्यापासून सावध राहायचं ते कशानं चावतं हेच ठाऊक नाही, असा हा प्रकार आहे.

सांगलीला जुन्या गाड्यांचा नाद आहे आणि तो असायलाही हवा. विश्रामबागेतल्या कॉलेजला ज्या वालचंद हिराचंदांचं नाव आहे, त्यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. पुढं तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० आणि मग पद्मिनी बाहेर पडली. पद्मिनी २०००च्या आसपास बंद झाली, ॲम्बॅसडर २०१४ मध्ये. म्हणजे आज जी काही गाडी कुणाच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे, तिचं वायरिंग मालकाच्या पोराहून थोरलं असण्याची शक्यता बरीच. इंजिनाचं काम झालं, डेंटिंग-पेंटिंग झालं, सीट नवीन झाल्या, पण वायरिंग? ‘चालू आहे ना, मग कशाला हात लावायचा’ म्हणून ते तसंच राहतं.

आधी व्होल्ट आणि अँपिअरचा घोळ मिटवू. व्होल्ट म्हणजे करंटला पुढं रेटणारा जोर आणि अँपिअर म्हणजे प्रत्यक्ष किती करंट वाहतोय त्याचं माप. पाटाच्या पाण्याला उतार जेमतेम असतो, पोरंसोरं त्यात निवांत उभी राहतात. पण पाट फुटला तर रान खरवडून नेतो. बॅटरीचं तसंच आहे. कोरड्या कातडीचा अडथळा एवढा मोठा की बारा व्होल्टचा जोर त्यातून नाव घेण्याजोगा करंट ढकलू शकत नाही. पण पोलादी पान्याला अडथळा कसला? पान्याचं एक टोक प्लसवर आणि दुसरं बॉडीला टेकलं की बॅटरी आपल्याकडं आहे नाही तेवढं सगळं त्यातून सोडते. एरवी सेल्फ मारताना शंभर-दीडशे अँपिअर जातात. अशा थेट शॉर्टमध्ये काही शे अँपिअर सहज वाहतात. त्यात उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. करंट दहापट झाला तर उष्णता शंभरपट. म्हणून पाना क्षणात चिकटतो, ठिणग्या उडतात आणि शिशाचं टर्मिनल मेणासारखं ओघळतं.

साठा किती, तेही बघा. पद्मिनीत बसणारी ४५ अँपिअर-अवरची बॅटरी धरली तर बारा गुणिले पंचेचाळीस, म्हणजे ५४० वॉट-तास. एक हजार वॉटची शेगडी अर्धा तास चालेल एवढी ऊर्जा त्या डब्यात आहे, आणि शॉर्ट झाला की ती भराभर सोडायची तिची तयारी असते.

आता अंगठीचं. पाना धरलेल्या हातातली सोन्याची अंगठी एका बाजूनं पान्याला आणि दुसऱ्या बाजूनं बॉडीच्या पत्र्याला टेकली, की सगळा करंट त्या बारीक कड्यातून जातो. सोनं फार चांगलं वाहक. ते तापतं, आणि तापलेलं कडं बोटाभोवती असतं. हात झटकला तरी ते निघत नाही. भाजलेली खूण बोटाला गोल, पूर्ण वळसा घालून येते, आणि बोट सुजल्यावर अंगठी कापूनच काढावी लागते. घड्याळाचा स्टीलचा पट्टा, तांब्याचं कडं, गळ्यातली चेन यांनाही हेच लागू. माझ्या ओळखीचे एक जुने वायरिंगवाले मामा आहेत. बोनेट उघडायच्या आधी ते अंगठी काढून शर्टाच्या खिशात टाकतात आणि खिशाचं बटण लावतात. बटण का, तर वाकल्यावर अंगठी खिशातून पडते ती नेमकी बॅटरीवर.

बॅटरी सोडायचा क्रमही यातूनच निघतो. बॉडीला जोडलेली वायर, जिला आपण अर्थ म्हणतो, ती आधी सोडायची आणि जोडताना सगळ्यात शेवटी जोडायची. कारण सरळ आहे. अर्थचा नट सोडताना पाना बॉडीला टेकला तरी काही बिघडत नाही, कारण तिथं दोन्हीकडं एकच टोक आहे. अर्थ सुटली की बॉडीचा बॅटरीशी संबंधच संपला, मग प्लसचा नट सोडताना पाना कुठंही लागू दे. उलट क्रमानं केलंत तर प्लसवर पाना असताना सगळी गाडीच तुमची शॉर्ट व्हायची वाट बघत असते.

पण इथं एक मेख आहे, आणि ती फक्त जुन्या गाड्यांतच सापडते. ‘अर्थ म्हणजे मायनस’ हे सगळीकडं खरं नाही. विलायती मॉरिस, ऑस्टिनसारख्या गाड्यांत १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत प्लस बॉडीला जोडलेला असायचा. त्यातल्या काही गाड्या मधल्या कुण्या मालकानं उलट करून घेतल्या, काही तशाच राहिल्या. त्यामुळं ‘मायनस आधी’ असं पाठ करू नका. कुठली जाड वायर जाऊन चेसीला किंवा इंजिनाला बोल्ट झालीय ते डोळ्यांनी बघा आणि तीच आधी सोडा. बॅटरीवरची खूण पुसली असेल तर दोन टोकांची जाडी बघा, प्लसचं टोक जाड असतं. महायुद्धातली विलीज जीप तर ६ व्होल्टची होती. तिला १२ व्होल्टची बॅटरी लावली तर बल्ब उडतात आणि गेज जळतात.

प्लस-अर्थ गाडी बंद पडली आणि शेजारच्या नव्या गाडीवरून केबल लावून चालू करायची असेल, तर प्लसला प्लस आणि मायनसला मायनस एवढ्यावर भागत नाही. दोन्ही गाड्यांच्या बॉडी एकमेकींना टेकता कामा नयेत. एकीच्या बॉडीत प्लस, दुसरीच्या बॉडीत मायनस. बंपरला बंपर लागला की दोन बॅटऱ्यांचा थेट शॉर्ट झालाच म्हणून समजा.

बॅटरीचा दुसरा धोका गॅसचा. चार्ज होताना, विशेषतः जादा चार्ज होताना, त्यातल्या पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटतो. हवेत हायड्रोजन ४ टक्के झाला की पेट घ्यायला एक ठिणगी पुरते. डायनमोचं चार्जिंग आवरणाऱ्या जुन्या रेग्युलेटरचे पॉइंट चिकटले तर डायनमो बॅटरीला ओतत राहतो. मग बॅटरी उकळते आणि झाकणं काढल्यावर बुडबुडे दिसतात. अशा बॅटरीवर वाकून काडी पेटवून पाणी बघणारी माणसं मी पाहिली आहेत. स्फोट झाला तर गंधकाच्या आम्लासकट प्लॅस्टिकचे तुकडे तोंडावर येतात. म्हणून चष्मा लावा. चार्जरचा मेन स्विच बंद केल्याशिवाय क्लिपा ओढू नका आणि केबलनं गाडी चालू करताना शेवटची क्लिप बॅटरीवर न लावता इंजिनाच्या उघड्या धातूवर, बॅटरीपासून लांब लावा. ठिणगी उडायचीच असेल तर ती तिथं उडू दे. डोळ्यात आम्ल गेलं तर सोडा-बिडा काही नको, साधं स्वच्छ पाणी पंधरा-वीस मिनिटं सोडत राहायचं आणि डॉक्टर गाठायचा. खाण्याचा सोडा ट्रेमध्ये सांडलेलं आम्ल मारायला चांगला. बॅटरीत घालायचं फक्त डिस्टिल वॉटर, ॲसिड नाही.

आता वायरिंगकडं येऊ. जुन्या गाडीच्या आगीचं मूळ शोधलं तर ते पुष्कळदा इथंच सापडतं.

डॅशबोर्डच्या खाली डोकं घालून एकदा नीट बघा. मूळची वायर कडक झालेली, वाकवली की वरचं प्लॅस्टिक तडकून आतलं तांबं दिसतं. त्यावर वेगवेगळ्या काळातले टेप: एक काळा आणि चिकट झालेला, एक सुटून लोंबणारा, एक लाल. मध्येच कुणीतरी घराच्या वायरिंगमधली एकेरी जाड तार टाकलेली, जी गाडीच्या हादऱ्यानं आज ना उद्या तुटणार. रेडिओसाठी एक, हॉर्नसाठी एक, कधीकाळी लावलेल्या पंख्यासाठी एक अशा तीन वायरी एकाच जागी पिळून टेपात गुंडाळलेल्या. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथलं रबर कधीच गळून गेलंय आणि पत्र्याची धार वायरला रोज थोडी थोडी कापतेय. उसाच्या फडाशेजारच्या नाहीतर हळदीच्या पेवाशेजारच्या शेडमध्ये गाडी असेल तर उंदरांनी आपला वाटा उचललेला असतोच.

पिळलेल्या सांध्याचं गणित करून बघा. समजा सांध्याचा अडथळा अगदी ०.१ ओहम. हेडलाइटचा दहा अँपिअर करंट त्यातून गेला तर एक व्होल्ट तिथंच खर्ची पडतो आणि दहा वॉट उष्णता त्या टेपाच्या गाठीत साठत राहते. दहा वॉटला सोल्डरिंगची छोटी इस्त्री चालते. दिवा थोडा पिवळट दिसतो एवढंच. मालक म्हणतो बल्ब जुना झाला आणि जास्त वॉटचा बल्ब बसवतो. मूळचा ४५ वॉटचा बल्ब पावणेचार अँपिअर घेत होता, नवा १०० वॉटचा आठाच्या वर घेतो. दोन बल्बांचे सोळा-सतरा अँपिअर त्या जुन्या स्विचमधून आणि त्याच सांध्यातून जायला लागतात. डायनमोलाही ते झेपत नाही. लुकासचा सी-४० डायनमो जेमतेम २२ अँपिअर देतो, मग वायपर आणि हॉर्नला उरलं काय? जास्त उजेड हवाच असेल तर रिले, म्हणजे छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, बसवा आणि बॅटरीपासून नवी जाड वायर, फ्यूज लावून, थेट दिव्यांपर्यंत न्या. स्विचमधून मग फक्त रिलेच्या कॉइलपुरता करंट जातो, एका अँपिअरहूनही कमी.

फ्यूजबद्दलचा गैरसमज मोठा. फ्यूज बल्ब वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. वायरला जेवढं सोसतं त्याच्या आत तो तुटला पाहिजे. फ्यूज सारखा उडतो म्हणून सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली किंवा तांब्याच्या दोन-चार तारा पिळून घातल्या, तर आता त्या सर्किटमध्ये सगळ्यात कमजोर दुवा वायर झाली, आणि ती डॅशबोर्डच्या मागे, सीटच्या फोमशेजारी जळणार.

याच्या जोडीला एक बारकावा आहे, तो भल्याभल्यांना ठाऊक नसतो. विलायती पद्धतीच्या जुन्या गाड्यांत ३५ अँपिअर लिहिलेला काचेचा फ्यूज असतो. त्यावरचा आकडा तो कितीला उडतो त्याचा आहे. सतत वाहायला तो १७ अँपिअरचाच. आजच्या पट्टीच्या फ्यूजवर जो आकडा असतो, तेवढा करंट तो नेहमी सोसतो आणि उडतो त्याच्या बराच वर. म्हणजे ३५च्या जागी आजचा ३५ घातला तर संरक्षण निम्म्यानं गेलं. शिवाय त्या गाड्यांत फ्यूज असायचे दोनच. हेडलाइटला आणि इग्निशनला, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या सर्किटला, फ्यूजच नसे. अँपिअरचा काटा असलेल्या गाड्यांत तर सेल्फ सोडून गाडीचा जवळपास सगळा करंट जाड वायरीनं डॅशबोर्डपर्यंत येऊन काट्यातून परत जातो, तोही बिनफ्यूजचा. काट्यामागचा नट ढिला होऊन बॉडीला लागला तर थांबवणारं मध्ये काहीच नाही. बॅटरीजवळ एक कट-ऑफ स्विच बसवून घ्या. जुन्या गाडीवर करण्याजोगा यापेक्षा शहाणा खर्च मला तरी माहीत नाही. गाडी शेडमध्ये उभी करताना तो फिरवायचा.

इग्निशनचं थोडक्यात. कॉइल बारा व्होल्टचे पंधरा-वीस हजार व्होल्ट करते. करंट नगण्य, वेळही क्षणाचा, त्यामुळं धडधाकट माणसाचा त्यानं जीव जात नाही; पण झटक्यानं हात मागं जातो तो फिरत्या पंख्यात किंवा तापलेल्या सायलेन्सरवर. पेसमेकर बसवलेल्या माणसानं चालू इंजिनात डोकावूच नये. ‘करंट येतोय का बघ’ म्हणून कॉइलकडून प्लगकडं जाणारी एचटी वायर इंजिनाच्या ब्लॉकजवळ धरून ठिणगी बघायची आपल्याकडं सवय आहे. शेजारी कार्बोरेटर गळत असताना ही सवय महागात पडते. आणि किल्ली चालू ठेवून इंजिन बंद असताना गप्पा मारत बसू नका. कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट मिटलेले असले तर तिच्यामधून सतत तीन-चार अँपिअर जात राहतात, कॉइल हात लावता येणार नाही एवढी तापते.

आणखी एक सवय सोडायला हवी. डायनमो चार्ज करतोय का बघायला इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून बघतात. ज्या गाडीला नंतर डायनमोच्या जागी अल्टरनेटर बसवलाय, तिथं असं केलं की व्होल्टेज उसळतं आणि आतले डायोड जातात.

जीव घेणारी वीज मात्र गाडीत नसतेच, ती भिंतीवरच्या बोर्डात असते. नीट लक्ष द्या. हँडलॅम्पची सोललेली वायर बॉडीला लागली तर काय होतं? काहीच नाही. गाडी रबरी टायरवर किंवा लाकडी ठोकळ्यांवर उभी आहे, करंटला जमिनीत जायला वाट नाही. फ्यूज उडत नाही, एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप पडणारा बोर्डातला स्विच) पडत नाही, दिवा चालू राहतो आणि सगळी गाडी २३० व्होल्टची होऊन बसते. मग कुणीतरी पाणी मारून ओल्या झालेल्या फरशीवर अनवाणी येतं आणि दाराच्या हँडलला हात लावतं. वाट मिळाली. माणसाच्या छातीतून जायला ३०-४० मिलिअँपिअरही घातक ठरू शकतात. एमसीबी पडायला ६ नाहीतर १६ अँपिअरच्या वर जावं लागतं. म्हणून एमसीबी आहे म्हणजे माणूस सुरक्षित, हा समज काढून टाका. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत तेवढा फरक दिसला की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत तोडतो. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. बोर्डाला तीन पिना असून अर्थ कुठंच जोडलेली नाही, ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट, तीही वायरमनकडून तपासून घ्या.

त्याहून सोपं म्हणजे गाडीखाली २३० व्होल्टचा दिवा न्यायचाच नाही. चार्जिंगचे एलईडी दिवे आता कुठंही मिळतात. जुन्या पद्धतीच्या तापलेल्या बल्बवर पेट्रोलचा एक थेंब पडला तरी काच फुटून पेट घेतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर न जाता गॅरेजच्या खड्ड्यात साठते. टाकी किंवा पंप खोलला असेल त्या दिवशी खड्ड्यात दिवा, ग्राइंडर, ड्रिल काहीच नको. वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरी गाडीतून बाहेर, आणि वेल्डिंगची अर्थ जिथं जोड द्यायचाय त्याच्या अगदी जवळ.

सांगलीत पुराचा विषय टाळता येत नाही. २००५, २०१९, २०२१, कृष्णेचं पाणी ज्यांच्या शेडमध्ये शिरलं त्यांना सांगायला नको. पुरातून निघालेल्या गाडीला ‘बघू चालू होते का’ म्हणून किल्ली मारणं हा पहिला मोह असतो; तो आवरा. आधी बघा शेडच्या बोर्डात पाणी गेलंय का, मेन बंद आहे का. मग बॅटरीची अर्थ सोडा. पुराचं पाणी नुसतं पाणी नसतं. त्यातला बारीक गाळ प्रत्येक कनेक्टरात, फ्यूजच्या खोबणीत आणि सेल्फच्या आत जाऊन बसतो. वरून वाळलेलं दिसतं, आत ओल धरून राहतो आणि काही आठवड्यांनी तांब्यावर हिरवा कळंक येतो. प्रत्येक जोड सुटा करून स्वच्छ पाण्यानं धुवायचा, वाळवायचा, मगच जोडायचा. वायरीच्या आत कळंक चढत गेला असेल तर ती वायर काढून टाकण्याला पर्याय नाही.

गाडीत आग विझवायचा दोन किलोचा एबीसी पावडरचा सिलिंडर ठेवा, डिकीत नाही, सीटजवळ. बोनेटमधून धूर दिसला तर कट-ऑफ फिरवा आणि बोनेट सताड उघडू नका. हवा मिळाली की भडका होतो. फटीतून पावडर मारा. पेट्रोलच्या आगीवर पाणी नको.

वायरिंगचं काम झाल्यावर बॅटरी थेट जोडायची घाई करू नका. आधी अर्थची वायर आणि बॅटरीचं टोक यांच्या मध्ये इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब जोडा. कुठं शॉर्ट असलाच तर तो बल्ब लख्ख पेटेल, आणि वायरिंगमधून दोन अँपिअरसुद्धा जाणार नाहीत, कारण बल्बच तेवढ्यावर अडवतो. सगळे स्विच बंद असताना बल्ब विझलेला असला पाहिजे. घड्याळ असेल तर त्याचा किरकोळ करंट जाईल, त्यानं बल्ब पेटत नाही. पेटलाच तर एकेक फ्यूज काढून बघा, ज्यानं तो विझेल त्या सर्किटमध्ये दोष आहे. बिनफ्यूजच्या वायरी असतील तर त्या एकेक करून सोडा. बल्ब विझलेलाच राहिला की तो काढून टाका, अर्थ थेट आवळा आणि मगच सेल्फ मारा.